मोठ्या बँकेचा कचरा आणि त्याचा हिशेब

नार्नूरच्या परिसरात कापसाची वेचणी सुरू झाली की हातोहात फिरणाऱ्या लहान नोटांची अवस्था पाहण्यासारखी होते. दहाची किंवा वीसची नोट वेचणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीत घामाने ओली होते, किराणा दुकानात तिला तेलाचा हात लागतो, हळदीचा डाग पडतो, घडीवर घडी पडून ती मधोमध विरते. आणि अखेर एखाद्या आठवडी बाजारात दुकानदार ती उलटसुलट करून परत देतो. ‘ही चालायची नाही, दुसरी द्या,’ एवढेच तो म्हणतो. आदिलाबाद जिल्ह्याच्या या डोंगराळ, सीमेलगतच्या मुलखात गोंडी, कोलामी, लंबाडी, मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा अनेक भाषा बोलल्या जातात. परंतु हे वाक्य सर्व भाषांत सारखेच ऐकू येते.

‘चालायची नाही’ म्हणजे नेमके काय झाले? ती नोट कचरा झाली काय? आणि झाली असल्यास तो कचरा कोणाचा, तो कोठे जातो, व त्याची नोंद कोण ठेवतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या निमित्ताने मोठ्या बँकांच्या टाकाऊ वस्तूंची व्यवस्था कशी चालते, याचा परिचय करून देण्याचा हेतू आहे. ‘मोठी बँक’ या शब्दाने येथे दोन प्रकारच्या संस्था अभिप्रेत आहेत. एक, नोटा काढणारी आणि नोटा संपविणारी भारतीय रिझर्व्ह बँक. दुसरी, गावोगावी शाखा असलेली भारतीय स्टेट बँकेसारखी व्यापारी बँक. पहिलीचा मुख्य कचरा म्हणजे खुद्द पैसा. दुसरीचा कचरा म्हणजे कागद, बॅटऱ्या, संगणक आणि प्लास्टिक. पहिल्या प्रकारच्या कचऱ्याचा हिशेब एकेका नगापर्यंत ठेवला जातो. दुसऱ्या प्रकारच्या कचऱ्याकडे मात्र अगदी अलीकडेपर्यंत कोणी तराजू घेऊन पाहिले नव्हते. वस्तुतः दोन्ही एकाच शाखेच्या दारातून बाहेर पडतात.

नोट केव्हा टाकाऊ ठरते

दुकानदाराने नाकारलेली नोट टाकाऊ ठरत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. नोट टाकाऊ ठरविण्याचा अधिकार बाजाराला नाही. मळलेली नोट, तसेच दोन तुकडे होऊन चिकटविलेली परंतु दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असलेली व कोणताही आवश्यक भाग न गमावलेली नोट ‘मळकी नोट’ या सदरात येते, आणि ती कोणत्याही बँकेच्या शाखेत पूर्ण मूल्याने बदलून मिळते. त्यासाठी त्या शाखेत खाते असण्याची अट नाही. एका दिवसात वीस नगांपर्यंत व पाच हजार रुपयांपर्यंतच्या अशा नोटा विनाशुल्क बदलून द्यावयाच्या असतात.

ज्या नोटेचा काही भाग नाहीसा झाला आहे तिच्यासाठी ‘रिझर्व्ह बँक नोट परतावा नियम, २००९’ लागू आहेत. त्यांत २०१८ साली दुरुस्ती झाली. नियम मापाचे आहेत, मर्जीचे नव्हेत. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मूळ क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक असेल तर पूर्ण मूल्य मिळते, नसेल तर काहीच मिळत नाही. पन्नास रुपये व त्यावरील नोटेचा असा तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण मूल्य, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, आणि त्याहून कमी असेल तर मागणी फेटाळली जाते. जळून काळ्या पडलेल्या किंवा एकमेकींना न सुटण्याइतक्या चिकटलेल्या नोटा मात्र शाखेत तपासल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नोट विभागाकडेच जावे लागते. हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि बेलापूर येथे हे विभाग आहेत. नोटेवर राजकीय किंवा धार्मिक स्वरूपाचा संदेश लिहिला असल्यास तिच्यावरील दावा नाकारला जातो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

कायद्याच्या भाषेत पाहिले तर खराब नोटेचे पैसे परत मिळणे हा हक्क नसून अनुग्रह आहे; रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २८ मध्ये तसेच म्हटले आहे. पण नियमाने बांधलेला अनुग्रह व्यवहारात हक्काइतकाच उपयोगी पडतो, मात्र तो ठाऊक असला पाहिजे. ठाऊक नसल्यास बाजारात बसलेला बदल्या शंभराच्या फाटक्या नोटेचे सत्तर-ऐंशी हातावर ठेवतो, आणि तीच नोट दुसऱ्या दिवशी बँकेत पूर्ण किमतीला देतो. मधले वीस-तीस रुपये ही अज्ञानाची किंमत होय, आणि ती नेहमी गरिबाकडूनच वसूल होते.

नोटेचा शेवट

शाखेत जमा झालेल्या नोटांची दोन भागांत निवड होते: पुन्हा चलनात देण्याजोग्या आणि न देण्याजोग्या. ही निवड आज स्वाभाविक वाटते, परंतु ती सक्तीची होण्यास बराच काळ जावा लागला. १९९९ साली रिझर्व्ह बँकेने ‘स्वच्छ नोट धोरण’ जाहीर केले. त्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये सर्व बँकांना निर्देश देण्यात आले की, नोटांच्या गड्ड्यांना टाचण्या ठोकू नयेत, त्याऐवजी कागदी पट्टी वापरावी. जलचिन्हाच्या मोकळ्या जागेवर आकडे लिहू नयेत. आणि मळक्या नोटा पुन्हा जनतेच्या हाती देऊ नयेत. त्यापूर्वीची गड्डी ज्यांनी हाताळली आहे त्यांना तिची जाड टाचणी आठवत असेल. ती काढताना नोटेस भोके पडत, भोकांची फाटणी होई, आणि नोटेचे आयुष्य कमी होई. कचरा कमी करण्याचा पहिला उपाय या ठिकाणी कोणत्याही यंत्राने नव्हे, तर एक टाचणी काढून टाकल्याने साधला.

चलनातून काढलेल्या नोटा शाखेतून जवळच्या चलनकोषात आणि तेथून पहाऱ्यात रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जातात. त्या टाकाऊ आहेत म्हणून त्यांची मोजणी सैल होत नाही. उलट, गड्डीत एखादी नोट कमी भरली किंवा बनावट निघाली तर तेवढी रक्कम पाठविणाऱ्या बँकेकडून वसूल केली जाते. जगात फार थोडा कचरा असा असेल की, जो वाटेत कमी झाल्यास पाठविणाऱ्याला भरपाई द्यावी लागते!

रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात पूर्वी या नोटा भट्टीत जाळल्या जात. जाळण्यापूर्वी हाताने मोजणी, तपासणी आणि भोके पाडणे, व जाळताना अधिकाऱ्यांची देखरेख, अशी ती पद्धत होती. तिच्यात वेळ जाई आणि धूर होई. या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या कार्यालयांत चलन पडताळणी व प्रक्रियेची यंत्रे बसविण्यात आली. असे एक यंत्र तासाला पन्नास ते साठ हजार नोटा हाताळते. ते नोट मोजते, खरी की खोटी हे पाहते, चांगली की खराब हे ठरविते, चांगल्या नोटांची पुन्हा गड्डी बांधते आणि खराब नोटेचे जागच्या जागी बारीक तुकडे करते. हे तुकडे नळीवाटे दुसऱ्या यंत्रात जातात व तेथे प्रचंड दाबाखाली त्यांचे लहान ठोकळे बनतात. तुकडे आणि ठोकळे यांमध्ये माणसाचा हात येत नाही. सुरक्षितता आणि स्वच्छता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या गेल्या.

पुढे या ठोकळ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून, खड्डे बुजविण्यासाठी भर म्हणून, अथवा पुठ्ठ्याच्या वस्तूंसाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो, असे सांगितले जात असे. साध्या रद्दीप्रमाणे नोटांचा लगदा करून पुन्हा कागद का बनवीत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण नोटेच्या कागदातच आहे. आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणूनच ती खिशात धुतली गेली तरी विरघळत नाही. ज्या जिल्ह्याचे सारे अर्थकारण कापसाच्या भावावर हेलकावे खाते, तेथील शेतकऱ्याला कापूस विकून मिळणारी नोटही कापसाचीच असते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पण या कागदात मजबुतीसाठी घातलेली द्रव्ये, टिकाऊ शाई आणि सुरक्षा धागा असल्यामुळे त्याचा लगदा सहज होत नाही. जो गुण नोटेला जिवंतपणी टिकवितो तोच मेल्यावर अडचणीचा ठरतो.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या, तेव्हा या प्रश्नाचे आकारमान सर्वांच्या लक्षात आले. त्या वेळी या दोन मूल्यांच्या मिळून सुमारे २,४०० कोटी नोटा चलनात होत्या, आणि त्यांच्या एकूण १५ लाख ४१ हजार कोटी रुपयांच्या मूल्यापैकी जवळजवळ १५ लाख ३१ हजार कोटी रुपये परत आले, असे रिझर्व्ह बँकेने २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात नमूद केले. प्रत्येक नोट यंत्रातून गेली, मोजली गेली, मगच तिचे तुकडे झाले. त्या काळात केरळमध्ये कण्णूरजवळ वळपट्टणम येथील वेस्टर्न इंडिया प्लायवुड्स या कारखान्याने तिरुवनंतपुरमच्या कार्यालयातील नोटांचे तुकडे घेऊन ते लाकडाच्या लगद्यात अल्प प्रमाणात मिसळले व त्यापासून कठीण फळ्या तयार केल्या. कालपर्यंत ज्या नोटेसाठी लोक रांगेत उभे होते, ती एखाद्या कपाटाच्या पाठीत जाऊन बसली.

तो प्रसंग अपवादात्मक होता असे समजण्याचे कारण नाही. २०२४-२५ या एका सामान्य वर्षात सुमारे २,३८० कोटी मळक्या नोटांची विल्हेवाट लावण्यात आली. म्हणजे नोटाबंदीच्या वेळी जेवढ्या नोटा रद्द झाल्या, जवळपास तेवढ्याच नोटा कोणताही गाजावाजा न होता एका वर्षात संपतात. याच वर्षाच्या अहवालात रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे की, देशात नोटांचे तुकडे व ठोकळे यांचे वजन वर्षाला सुमारे १५,००० टन होते. दहा टनांच्या मालमोटारीत भरावयाचे म्हटले तर दीड हजार मालमोटारी लागतील. बहुतेक देशांच्या मध्यवर्ती बँका असे ठोकळे जाळतात किंवा जमिनीत पुरतात, आणि दोन्ही मार्ग पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले नाहीत, हेही तेथे स्पष्टपणे मान्य केले आहे. म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडून अभ्यास करविण्यात आला. भुशापासून दाबून तयार होणाऱ्या ज्या फळ्यांना बाजारात ‘पार्टिकल बोर्ड’ म्हणतात, त्यांच्यासाठी हे ठोकळे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला. अशा फळ्या बनविणाऱ्या कारखान्यांची यादी करून त्यांना ठोकळे विकण्याची प्रक्रिया बँकेने सुरू केली आहे.

कागद, बॅटऱ्या आणि यंत्रे

आता व्यापारी बँकेकडे वळू. तिच्या शाखेत सर्वांत अधिक दिसणारी टाकाऊ वस्तू म्हणजे कागद. परंतु बँकेचा कागद मुदत संपेपर्यंत रद्दी होत नाही. अभिलेख जतनासंबंधीच्या १९८५ च्या नियमांनुसार काही कागदपत्रे किमान पाच वर्षे, तर खातेवह्यांसारखी महत्त्वाची कागदपत्रे किमान आठ वर्षे जपून ठेवावी लागतात. ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे तर खाते बंद झाल्यानंतरही पाच वर्षे ठेवणे अवैध पैशाच्या प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. मुदत संपली म्हणजे यादी करावयाची, वरिष्ठांची मंजुरी घ्यावयाची, कागदाचे यंत्राने तुकडे करावयाचे, आणि मगच तो कागद पुनर्निर्मितीसाठी द्यावयाचा, असा योग्य क्रम आहे. अखंड कागद भंगारवाल्याला वजनावर घालणे हा क्रमभंग होय; कारण त्या कागदावर कोणाची तरी सही, छायाचित्र आणि आधार क्रमांक असतो. शेंगदाण्याची पुडी सोडल्यावर कर्जाचा अर्ज हाती येणे, हा काही गमतीचा प्रकार नव्हे.

कागदाच्या बाबतीत आणखी एक बारीक मुद्दा आहे. एटीएममधून किंवा बँक मित्राच्या हातातील यंत्रातून निघणारी चकचकीत पावती हा साधा कागद नव्हे. तो उष्णतेने काळा पडणारा, रसायनाचा लेप दिलेला कागद असतो. तो रद्दीत मिसळला तर लगदा बिघडतो, आणि चुलीत घातला तर लेपातील रसायन घरात पसरते. नार्नूरसारख्या भागात, जेथे वाड्या-तांड्यांवरील लोकांना शाखा दूर पडते, तेथे बँक मित्राचे यंत्र हीच बँक असते. तेव्हा ही पावती ज्याला नको असेल त्याने ती न मागणे, हाच उत्तम मार्ग.

खरी जोखीम मात्र कागदात नसून शाखेच्या मागच्या खोलीत असते. वीज गेली तरी संगणक चालू राहावेत म्हणून प्रत्येक शाखेत व बहुतेक एटीएममध्ये शिशाच्या बॅटऱ्या बसविलेल्या असतात. काही वर्षांत त्या निकामी होतात. अशा बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो; शिवाय तिच्यात गंधकाम्ल असते. शिशाला बाजारात चांगला भाव असल्यामुळे ती कोणीही उचलून नेण्यास तयार असतो. उघड्यावर बॅटरी फोडून आम्ल जमिनीत ओतणे आणि कढईत शिसे वितळविणे हा धंदा पुष्कळ ठिकाणी चालत आला आहे. त्या धुरातील शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. शाखेच्या दप्तरात मात्र ‘जुनी बॅटरी विकली, रक्कम जमा’ एवढीच नोंद होते. हिशेबाच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालेला असतो. विष मात्र कोणाच्या तरी अंगणात पोचलेले असते.

यासाठीच बॅटऱ्यांबाबत २००१ साली प्रथम नियम झाले व त्यांच्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम’ आले. त्यांनी बॅटरी बनविणाऱ्यावरच ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. संगणक, छपाई यंत्रे, नोटा मोजण्याची यंत्रे इत्यादींसाठी ‘ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. एका आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी अशी किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था या नियमांच्या दृष्टीने ‘मोठी ग्राहक’ ठरते, आणि तिने आपला ई-कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्निर्मात्याकडेच दिला पाहिजे. बावीस हजारांहून अधिक शाखा असलेली स्टेट बँक या व्याख्येत येते हे सांगावयास नकोच. पण व्याख्या संपूर्ण बँकेला लागू होते, शाखेतील पाच संगणकांना वेगळी नव्हे. त्यामुळे एखाद्या दूरच्या शाखेने ‘आमच्याकडे यंत्रे थोडी आहेत’ म्हणून ती स्थानिक भंगारात दिली तर नियमभंग त्या बँकेचा होतो.

एखादी बँक दुसरीत विलीन झाली म्हणजे कचरा कसा एकदम निर्माण होतो, याचा अनुभव आदिलाबाद जिल्ह्याने घेतला आहे. १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात हैदराबाद स्टेट बँक या नावाने सुरू झालेली ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ १ एप्रिल २०१७ रोजी अन्य सहयोगी बँकांसह भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्या दिवशी पाट्या, शिक्के, कोरे नमुने, पावतीपुस्तके आणि छापील पाकिटे एकदम निरुपयोगी झाली. धनादेश पुस्तके काही काळ चालू ठेवण्यात आली आणि डिसेंबर २०१७ अखेर तीही बंद झाली. अशा वेळी कोरा धनादेश आणि बँकेचा शिक्का या वस्तू साध्या रद्दीपेक्षा कितीतरी अधिक जपून नष्ट कराव्या लागतात.

अहवालातील तक्ता

येथवर व्यवस्थेचे वर्णन झाले. ती प्रत्यक्षात पाळली जाते की नाही हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? रिझर्व्ह बँक आपला वार्षिक अहवाल मे महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध करते, आणि त्याच्या चलन व्यवस्थापनाच्या प्रकरणात कोणत्या मूल्याच्या किती नोटा नष्ट केल्या याचा तक्ता असतो. व्यापारी बँकांसाठी असा तक्ता अलीकडेच आला. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ या संस्थेने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल’ या नावाचा नमुना ठरवून दिला, आणि २०२२-२३ या वर्षापासून शेअर बाजारातील मूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना तो भरणे सक्तीचे केले. स्टेट बँक आणि १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र या दोन्ही त्यांत येतात.

नमुन्यातील सहावे तत्त्व पर्यावरणाचे आहे. त्यात कचऱ्याचे आठ प्रकार टनांत लिहावयाचे असतात: प्लास्टिक, ई-कचरा, जैववैद्यकीय, बांधकामाचा, बॅटऱ्यांचा, किरणोत्सर्गी, अन्य घातक आणि अन्य बिनघातक. बँकेने किरणोत्सर्गी कचऱ्यापुढे शून्य लिहिले की तेवढे तरी उत्तर निःसंशय खरे असते. त्याखाली यांपैकी किती पुन्हा कामी आले आणि किती जाळले किंवा पुरले, हे लिहावयाचे. उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती कचरा झाला हेही काढावयाचे. बँकेच्या बाबतीत हा अपूर्णांक इतका सूक्ष्म निघतो की त्यावरून काही बोध होणे कठीण. शेवटी, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली काय, असा प्रश्न असतो.

हा तक्ता वाचण्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. प्रथम एकूण आकडा न पाहता त्याची कक्षा पाहावी. तो सर्व शाखांचा आहे, की मुख्यालय व काही मोठ्या इमारतींपुरताच? समजा, बावीस हजार शाखांच्या एखाद्या बँकेच्या प्रत्येक शाखेत दिवसाला एक किलो कचरा निघतो. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर हा कचरा सहासष्ट लाख किलो, म्हणजे सहा हजार सहाशे टन होईल. हा केवळ कल्पनेतला हिशेब आहे. परंतु अशा बँकेच्या अहवालात सर्व कचरा मिळून शे-दोनशे टन दाखविला असेल, तर एक तर तिच्या शाखा आश्चर्यकारक काटकसरी आहेत, किंवा बहुतेक शाखांतील कचरा मोजलाच गेलेला नाही, असे समजावे. दुसरे, मागील वर्षापेक्षा कचरा एकदम वाढलेला दिसला तर लगेच दोष देऊ नये. पुष्कळदा कचरा वाढलेला नसतो, मोजणाऱ्या शाखा वाढलेल्या असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते असा वाढता आकडा हा प्रामाणिकपणाचे लक्षण असू शकतो, आणि वर्षानुवर्षे घटत जाणारा गुळगुळीत आकडाच अधिक तपासण्याजोगा असतो.

या व्यवस्थेत एक मोठे भगदाडही आहे. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या संस्थांना हा नमुना लागू नाही. त्यामुळे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या तेलंगणा ग्रामीण बँकेसारख्या प्रादेशिक ग्रामीण बँका, तसेच जिल्हा सहकारी बँका, यांच्यावर असा अहवाल प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही. बॅटरीचे व ई-कचऱ्याचे नियम मात्र नोंदणी पाहत नाहीत.

दूरची शाखा

नार्नूरसारख्या मंडळाच्या गावाहून नोंदणीकृत पुनर्निर्माता फार दूर असतो. पाच-सहा मृत बॅटऱ्यांसाठी त्याची गाडी येथवर येणार नाही. यावर मार्ग नोटांच्या वाहतुकीतच दिसतो: जी गाडी नव्या नोटा पोचविते तीच मळक्या नोटा घेऊन परत जाते. बॅटऱ्यांच्या व यंत्रांच्या खरेदीतही ‘नवी द्यावी, जुनी परत न्यावी व वजनाची पावती द्यावी’ अशी अट पुरवठ्याच्या आदेशातच घातली तर रिकाम्या गाडीचा खर्च वाचतो, आणि जिल्ह्याच्या कार्यालयात शाखावार वजनाची नोंद आपोआप तयार होते. शाखाधिकाऱ्याने यासाठी साधा वजनकाटा आणि एक नोंदवही ठेवली तरी पुरते.

उरलेला रोजचा कचरा, म्हणजे चहाचे पेले, केर, पाकिटे, गावाच्याच गाडीत जातो. तेलंगणातील पंचायत राज अधिनियम २०१८ साली आला, आणि त्यानंतर २०१९ पासून ‘पल्ले प्रगती’ कार्यक्रमात ग्रामपंचायतींना कचऱ्यासाठी ट्रॅक्टर व वर्गीकरणाच्या शेड मिळाल्या. सीमेपलीकडे हेच काम घंटागाडी करते. ओला-सुका वेगळा करून देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे कचरा होतो त्याचीच आहे, मग ते घर असो, शाळा असो की बँक. ग्रामपंचायतीने शाखेकडे याबाबत लेखी विचारणा करण्यास कोणतीही हरकत नाही.

ग्राहकाच्या घरीही बँकेचा काही कचरा साठतो, आणि तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेनंतर कोट्यवधी घरांत रुपे कार्ड पोचले. त्यांतील पुष्कळांची मुदत संपून नवी कार्डे आली आहेत. जुने कार्ड चुलीत टाकू नये, कारण ते पीव्हीसी या प्लास्टिकचे असून त्याच्या धुरात विषारी वायू असतात. सोनेरी चकती आणि काळी पट्टी या दोहोंवरून कात्री चालवून त्याचे तुकडे करावेत, आणि ते सुक्या कचऱ्यात द्यावेत. जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचे कोरे धनादेश कोणाच्या पेटीत अद्याप राहिले असतील तर तेही बारीक फाडून टाकावेत. पासबुक मात्र तसे टाकू नये. बँकेच्या दृष्टीने ते बाद झालेले असले, तरी त्यातील जुन्या नोंदी कर्जाच्या किंवा वारसाच्या प्रकरणात खातेदाराला पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात.